बेडफर्ड कालव्यावरची पैज

पृथ्वी गोल आहे हे आपण सगळेच मानतो. पण ते आपल्याला कसे कळले, असे कोणी विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘पुस्तकात तसे दिले आहे’ किंवा ‘अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत तसे दिसते’ इथेच थांबते. उत्तर चूक नाही. परंतु ते पुराव्याचे उत्तर नाही, विश्वासाचे उत्तर आहे. पुस्तक लिहिणाऱ्यावर आणि छायाचित्र घेणाऱ्यावर आपला विश्वास आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्याचा हा विश्वास उडाला आहे, त्याच्यापुढे हे उत्तर निरुपयोगी ठरते.

आज असा विश्वास उडालेली माणसे थोडी का होईना, पण आहेत. पृथ्वी सपाट आहे आणि शास्त्रज्ञ जगाला फसवत आहेत, असे सांगणाऱ्या चित्रफिती आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या मोबाइलवरही पोहोचल्या आहेत. वर्गात एखाद्याने त्यातला प्रश्न विचारला तर ‘काहीतरीच काय’ म्हणून त्याला खाली बसवणे सोपे असते. पण तो प्रश्न नेमका कोणत्या जागी अडतो आणि नुसता पुरावा दाखवून तो का सुटत नाही, हे समजून घेतले तर शिक्षकाच्या हाती बरेच काही लागते. त्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये लागलेली एक पैज पाहू.

जुनी समजूत की नवी?

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. पूर्वीचे लोक पृथ्वी सपाट मानत, कोलंबसाने ती समजूत खोटी ठरवली, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. ते खरे नाही. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या पृथ्वीच्या सावलीची कड नेहमी वर्तुळाकार असते, हा पुरावा ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच दिला होता. पुढच्या शतकात एरॅटोस्थेनिसने सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. कोलंबसाचा त्याच्या विरोधकांशी वाद होता तो पृथ्वीच्या आकाराबद्दल नव्हे, तर मापाबद्दल. आणि त्यात चूक कोलंबसाची होती. त्याने पृथ्वी प्रत्यक्षापेक्षा लहान मानली होती. सपाट पृथ्वी मानणाऱ्यांशी झुंजणाऱ्या कोलंबसाचे चित्र लोकप्रिय केले ते वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकन लेखकाने १८२८ साली लिहिलेल्या रसाळ चरित्राने.

आपल्याकडेही आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वी गोल असल्याचे सांगितले. पृथ्वी सपाट असती तर ताडासारखी उंच झाडे दूरवरूनही दिसायला हवी होती, असा युक्तिवाद लल्लाने केला. मग ती आपल्याला सपाट का दिसते, याचे उत्तर बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी दिले : मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, आणि माणसाच्या नजरेत पृथ्वीचा त्याहूनही फार लहान तुकडा येतो.

पुराणांतली सपाट पृथ्वी लोकांच्या मनात होती, हे खरे. परंतु मोजमापे पुढे करून, शास्त्रज्ञांना आव्हान देऊन पृथ्वी सपाट असल्याचे ‘सिद्ध’ करणारी चळवळ ही प्राचीन नव्हे, तर आधुनिक गोष्ट आहे. ती रेल्वे, वर्तमानपत्रे आणि जाहीर व्याख्यानांच्या काळात जन्मली.

आठ इंचांवरून पाहिलेली नाव

इंग्लंडच्या पूर्व भागात फेन नावाचा पाणथळ, अगदी सपाट प्रदेश आहे. तिथले पाणी काढून देण्यासाठी सतराव्या शतकात खणलेला ‘ओल्ड बेडफर्ड’ हा कालवा मैलोन् मैल सरळ रेषेत जातो. १८३८ साली सॅम्युअल रोबॉथम या तरुणाने या कालव्यावर एक प्रयोग केला. पाण्यात उतरून, डोळा पाण्यापासून फक्त आठ इंच उंचीवर ठेवून त्याने दुर्बिणीतून दूर जाणाऱ्या नावेकडे पाहिले. नावेवर पाण्यापासून सुमारे पाच फूट उंचीवर निशाण होते. सहा मैलांपर्यंत नाव दिसत राहिली, असे त्याने नोंदवले.

आता थोडे गणित करू. पृथ्वीच्या वक्रतेमुळे पाण्याचा पृष्ठभाग सरळ स्पर्शरेषेच्या किती खाली जातो, यासाठी एक सोपा नियम आहे : मैलांतल्या अंतराचा वर्ग करून त्याला आठ इंचांनी गुणायचे. एका मैलाला ८ इंच, दोन मैलांना ३२ इंच, तीन मैलांना ७२ इंच, म्हणजे ६ फूट. डोळा आठ इंचांवर असेल तर नजर एका मैलावर पाण्याला टेकते. उरलेल्या पाच मैलांत पृष्ठभाग २५ × ८ = २०० इंच, म्हणजे १६ फूट ८ इंच खाली जातो. पाच फुटांवरचे निशाण त्या रेषेच्या जवळजवळ बारा फूट खाली असायला हवे, म्हणजे ते दिसताच कामा नये. तरीही ते दिसले. त्यावरून रोबॉथमने पृथ्वी सपाट असल्याचा निष्कर्ष काढला.

त्याने १८४९ साली एक पुस्तिका आणि १८६५ साली मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘पॅरॅलॅक्स’ या टोपणनावाने तो गावोगावी तिकीट लावून व्याख्याने देई. तो हजरजबाबी होता आणि भल्याभल्यांना निरुत्तर करी. १८६४ मध्ये प्लिमथच्या किनाऱ्यावर लोकांनी त्याला आव्हान दिले. तिथून सुमारे चौदा मैलांवरच्या एडिस्टन दीपगृहाकडे दुर्बीण लावली, तेव्हा फक्त वरच्या दिव्याचा अर्धा भाग दिसला. बाकी सगळे दीपगृह पाण्याआड गेले होते. पृथ्वी सपाट असती तर ते पूर्ण दिसायला हवे होते. पण रोबॉथमने श्रोत्यांना सांगितले की शास्त्रज्ञांच्या म्हणण्याप्रमाणे तर दिवासुद्धा दिसायला नको होता! त्याच्या पद्धतीचा हा नमुना लक्षात ठेवावा. स्वतःच्या सिद्धांताने काय दिसायला हवे होते, हे तो सांगतच नाही. समोरच्याच्या उत्तरातली छोटी तफावत मात्र तो दाखवतो.

पैज

रोबॉथमच्या अनुयायांत जॉन हॅम्पडेन नावाचा धार्मिक वृत्तीचा, संतापी गृहस्थ होता. बायबलमधला शब्द न् शब्द अक्षरशः खरा मानणाऱ्या हॅम्पडेनला गोल पृथ्वी हा धर्मावरचा घाला वाटे. जानेवारी १८७० मध्ये त्याने एका विज्ञानविषयक साप्ताहिकातून आव्हान दिले : एखाद्या कालव्याचा, नदीचा किंवा तळ्याचा पृष्ठभाग वक्र असल्याचे सिद्ध करून दाखवा आणि पाचशे पौंड घ्या.

हे आव्हान स्वीकारले आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनप्रमाणेच स्वतंत्रपणे मांडणारे हे थोर निसर्गवैज्ञानिक. १८५८ साली दोघांचे लेखन एकत्रच वाचले गेले होते. वॉलेस यांना पैशांची गरज होती. शिवाय तरुणपणी त्यांनी जमीनमोजणीचे काम केले होते, त्यामुळे हे काम त्यांच्या हातचे होते. त्यांनी भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांचा सल्ला घेतला. एकदा स्पष्ट दाखवून दिले तर हे लोक गप्प बसतील, असे लायेल यांचे मत पडले. हा अंदाज किती चुकला ते पुढे दिसेलच.

दोघांनी पाचशे पौंड जमा केले. पैसे ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचे संपादक जे. एच. वॉल्श यांच्याकडे ठेवले. हॅम्पडेनने आपल्या बाजूने विल्यम कार्पेंटर या मुद्रकाला पंच नेमले. हा कार्पेंटर स्वतःच सपाट पृथ्वीवादी लेखक होता.

प्रयोग मार्च १८७० मध्ये त्याच ओल्ड बेडफर्ड कालव्यावर झाला. सहा मैल अंतरावरचे दोन पूल निवडले. एका पुलाच्या कठड्यावर, पाण्यापासून १३ फूट ३ इंच उंचीवर दुर्बीण ठेवली. दुसऱ्या पुलावर तेवढ्याच उंचीवर पांढऱ्या कापडावर जाड काळा पट्टा लावला. बरोबर मध्ये, तीन मैलांवर, एक उंच खांब उभा केला. त्यावर वरची लाल तबकडी तेवढ्याच उंचीवर होती आणि दुसरी तबकडी तिच्या चार फूट खाली.

वॉलेस यांच्या मांडणीतल्या दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, त्यांनी नजरेची रेषा पाण्यापासून तेरा फूट वर उचलली. दुसरी, त्यांनी ‘दिसते की दिसत नाही’ असा प्रश्न विचारलाच नाही. समान उंचीचे तीन बिंदू एका रेषेत आहेत की नाहीत, एवढेच विचारले. पाणी सपाट असेल तर तबकडी काळ्या पट्ट्याच्या रेषेत दिसेल. ते वक्र असेल तर मधली तबकडी टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर दिसेल. किती वर, तर तीन मैलांच्या हिशेबाने ६ फूट, आणि हवेतल्या वक्रीभवनाची (अपवर्तनाची) वजावट करून पाच फुटांच्या आसपास.

एकच चित्र, दोन निकाल

दुर्बिणीतून मधली तबकडी काळ्या पट्ट्याच्या बरीच वर दिसली. वॉलेस यांनी आधी सांगितले होते तसेच झाले. हॅम्पडेनने दुर्बिणीला डोळा लावायलाच नकार दिला. आपला कार्पेंटरवर विश्वास आहे, असे त्याचे म्हणणे.

कार्पेंटरने पाहिले. पण दुर्बीण क्षितिजसमांतर नाही अशी त्याने हरकत घेतली. मग पातळी-यंत्राची, म्हणजे आडवी तार असलेली दुर्बीण लावली. तिच्यातून दिसले ते असे : मधली खूण आडव्या तारेच्या खाली, आणि लांबची खूण मधलीच्या तेवढीच खाली. दोन्ही बाजूंनी चित्रे काढली. चित्रांबद्दल वाद नव्हता. पण कार्पेंटर म्हणाला, तार, मधली खूण आणि लांबची खूण यांच्यात समान अंतर आहे, अर्थात तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत आहेत; आपण जिंकलो!

हे ऐकायला पटण्यासारखे वाटते, म्हणून फळ्यावर आकृती काढून तपासू. पृष्ठभाग सपाट असता तर समान उंचीवरच्या दोन्ही खुणा आडव्या तारेवरच दिसायला हव्या होत्या, खाली नव्हे. पृष्ठभाग वक्र असेल तर तीन मैलांवरची खूण तारेच्या पातळीपेक्षा ६ फूट आणि सहा मैलांवरची २४ फूट खाली असणार. पण दुप्पट अंतरावरची वस्तू निम्मी दिसते. म्हणून लांबचे २४ फूट मधल्या खांबापाशी १२ फुटांएवढे भासतील. म्हणजे तारेपासून ६ आणि १२. दोन समान टप्पे! कार्पेंटरने ज्या समान अंतराला सरळपणाचा पुरावा मानले, ते वक्रतेनेच घडवलेले होते.

या ठिकाणी आपल्या विषयाचे मर्म आहे. दोघांनी एकच चित्र पाहिले. कोणीही खोटे चित्र काढले नाही. तरी निकाल दोन लागले, कारण निरीक्षण स्वतः बोलत नाही. ‘या सिद्धांताप्रमाणे काय दिसायला हवे’ हे आधी गणिताने ठरवून मगच दुर्बिणीला डोळा लावला तर निरीक्षणाला अर्थ येतो. ‘मी डोळ्यांनी पाहिले’ एवढे म्हणणे म्हणजे विज्ञान नव्हे.

जिंकलेल्याची हार

वॉल्श यांनी निकाल वॉलेस यांच्या बाजूने दिला आणि पैसे त्यांना दिले. पण प्रकरण मिटले नाही. हॅम्पडेनने वॉलेस यांना चोर, लबाड म्हणणारी पत्रे त्यांच्या ओळखीच्यांना, ते सभासद असलेल्या संस्थांना पाठवायचा सपाटा लावला. वॉलेस यांच्या पत्नीला तर नवऱ्याच्या जिवाविषयी भीती वाटेल असे पत्र आले. वॉलेस न्यायालयात गेले. बदनामीबद्दल सहाशे पौंडांची भरपाई मंजूर झाली, पण हॅम्पडेनने आपली मालमत्ता आधीच दुसऱ्याच्या नावावर केल्यामुळे ती मिळाली नाही. त्याला तुरुंगवासही झाला. बाहेर आल्यावर पत्रे पुन्हा सुरू झाली.

शेवटी १८७६ मध्ये, कायद्याच्या दृष्टीने पैज हा करारच नव्हे, या कारणावरून हॅम्पडेनचे पाचशे पौंड त्याला परत करावे लागले. प्रयोगाचा निकाल न्यायालयाने फिरवला नव्हता. पण पैसे गेले, खर्च अंगावर पडला आणि मनस्ताप सुमारे पंधरा वर्षे चालला. आयुष्यातली ही सर्वांत खेदजनक घटना, असे वॉलेस यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

मग रोबॉथमला निशाण का दिसले?

रोबॉथमच्या निरीक्षणाला खोटे म्हणण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी साचल्यासारखे दिसते, ते मृगजळ आपण सर्वांनी पाहिले आहे. तिथे खाली गरम आणि वर थंड हवा असते, त्यामुळे प्रकाशकिरण वरच्या बाजूला वळतात. थंड पाण्यावर याच्या उलट घडते. पाण्यालगतची हवा थंड व दाट, वरची उबदार व विरळ असते आणि किरण खालच्या बाजूला, म्हणजे पृथ्वीच्या वक्रतेबरोबर वळतात. एक मीटर उंचीत तापमान जेमतेम ०.१३ अंश सेल्सियसने वाढत असेल, तरी किरणाची वक्रता पृथ्वीच्या वक्रतेएवढी होते आणि पाणी सपाट असल्यासारखे दिसते. पाण्यापासून आठ इंचांवर डोळा ठेवणे म्हणजे हा परिणाम जिथे सर्वांत तीव्र असतो नेमकी ती जागा निवडणे. वॉलेस यांनी रेषा तेरा फुटांवर नेली ती यासाठीच.

ही पळवाट आहे, अडचणीत आल्यावर शास्त्रज्ञांनी वक्रीभवन पुढे केले, असे सपाट पृथ्वीवादी म्हणतात. पण मोजणीदारांना वक्रीभवन आधीपासून माहीत होते आणि त्याचा हिशेब मांडल्याशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडत नसे. भारताची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासहून सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन हे वीस वर्षे मोजणी करत उत्तरेकडे सरकत आले आणि १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे वारले. त्यांची कबर तिथेच आहे. या मोजणीत दोन ठाण्यांवरून परस्परांकडे पाहून उभे कोन मोजत. दोन्हींची सरासरी घेतली की वक्रीभवनाची चूक बरीचशी कटून जाते.

याच मोजणीत पुढे १८४९-५० मध्ये एव्हरेस्ट शिखराचे वेध घेतले गेले, ते १७० किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या मैदानी ठाण्यांवरून. एवढ्या अंतरात वक्रतेमुळे शिखर, वक्रीभवनाची वजावट करूनही, दोन किलोमीटरहून जास्त ‘खाली’ जाते. पृथ्वी सपाट धरून हिशेब केला असता तर एव्हरेस्टची उंची सात हजार मीटरही भरली नसती. १८५६ साली जाहीर झालेली उंची २९,००२ फूट, म्हणजे ८,८४० मीटर होती. २०२० साली उपग्रहांच्या साहाय्याने काढलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. ज्या गृहीतावर मांडलेला हिशेब दीडशेहून अधिक वर्षांनंतरही नऊ मीटरच्या आत जुळतो, ते गृहीत सोडायला काही तरी जबरदस्त कारण हवे.

अविश्वासाची मुळे

रोबॉथम १८८४ मध्ये वारला, पण चळवळ टिकली. १९०४ साली लेडी ब्लाउंट या सपाट पृथ्वीवादी बाईंनी त्याच कालव्यावर, पुन्हा पाण्यालगतच, छायाचित्र घेऊन विजय जाहीर केला. १९५६ मध्ये सॅम्युअल शेंटन यांनी इंग्लंडमध्ये सपाट पृथ्वीवाद्यांची संस्था काढली. त्यांच्यानंतर अमेरिकेतले चार्ल्स जॉन्सन २००१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती चालवत होते. चंद्रावरची स्वारी हे नाटक आहे, असे ते सांगत. इंटरनेटमुळे गेल्या दशकात या मताला पुन्हा बहर आला. २०१८ सालच्या एका अनुबोधपटात काही सपाट पृथ्वीवादी महागडा जायरोस्कोप आणून पृथ्वी फिरत नाही हे सिद्ध करायला निघालेले दिसतात. यंत्र तासाला १५ अंशांचा फरक दाखवते. २४ तासांत ३६० अंश, म्हणजे पृथ्वीच्या भ्रमणाचा वेग! तरी ते मत बदलत नाहीत. यंत्रावर आकाशातल्या कसल्याशा ऊर्जेचा परिणाम होत असावा, म्हणून ती अडवण्याच्या मागे लागतात.

ही माणसे मठ्ठ आहेत असे समजणे चूक ठरेल. यंत्रे जमवणारा, मोजमापे घेणारा माणूस आळशी नसतो. त्याची अडचण अशी की निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. विरुद्ध पुरावा आला की तो यंत्राचा दोष ठरतो किंवा कटाचा भाग. कोणता निकाल आला तर मी मत बदलीन, हे त्याने कधी सांगितलेलेच नसते.

आणि ही सवय कोणालाही जडू शकते. खुद्द वॉलेस यांचेच पाहा. पृथ्वीच्या गोलाईसाठी एवढे सोसणारे वॉलेस पुढे देवीच्या लसीचे कडवे विरोधक झाले. लसीकरण हा भ्रम आहे असे सांगणारे पुस्तक त्यांनी १८९८ साली लिहिले. लसीची सक्ती करणाऱ्या सरकारी यंत्रणेवरचा त्यांचा अविश्वास त्यामागे होता. आकडेमोड त्यांनी खूप केली, पण मत आधीच बनले होते. ज्या देवीला त्याच लसीने हटवले, तिचे १९८० मध्ये जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

अविश्वासाला कधी कधी खरे कारणही असते. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही, उपचाराविना ठेवून रोगाचा नुसता ‘अभ्यास’ केला. ज्यांच्या आप्तांवर हे गुदरले त्यांनी डॉक्टरांच्या शब्दावर शंका घेतली तर त्यांना दोष कसा द्यायचा? मात्र संस्थेवरचा अविश्वास आणि पद्धतीवरचा अविश्वास यांत फरक आहे. टस्कीगीचा अन्याय उघड झाला तोही नोंदी, साक्षी आणि पुरावे यांच्याच आधारे.

सांगणारा कोण, यानेही फरक पडतो. १८३० च्या दशकात भोपाळजवळच्या सिहोर इथले इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी पाश्चात्त्य भूगोल वरून लादण्याऐवजी भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी शिकवायला सुरुवात केली. पुराणांतल्या सपाट पृथ्वीचे खंडन इथल्याच ज्योतिषग्रंथांत आहे, हे त्यांनी दाखवून दिले. सुबाजी बापूंनी ती मांडणी मराठीत आणली. पुढे काशीला नावारूपाला आलेले बापूदेव शास्त्री याच पाठशाळेत शिकले. सगळ्यांना ते पटले असे नाही, पंडितांत मोठा वाद झाला. पण तो वाद युक्तिवादांचा झाला, ‘आपले’ आणि ‘परके’ एवढ्यावर अडला नाही.

तीन गावांच्या तीन सावल्या

मग वर्गात काय करावे? एरॅटोस्थेनिसचा सावल्यांचा प्रयोग बऱ्याच शाळांत करतात. दोन गावी मध्यान्हीच्या सावल्या वेगळ्या पडतात म्हणून पृथ्वी गोल, असा निष्कर्ष काढतात. इथे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने हरकत घेतली तर ती बरोबर आहे! पृथ्वी सपाट आणि सूर्य जवळ असला तरी दोन गावी सावल्या वेगळ्याच पडतील. दोन सावल्या या दोन कल्पनांत निवाडा करू शकत नाहीत. त्यासाठी तिसरी हवी.

२२ डिसेंबरला तिरुवनंतपुरम, नागपूर आणि दिल्ली या तीन ठिकाणी एक मीटर उंचीची काठी उभी करून स्थानिक मध्यान्हीची, म्हणजे दिवसातली सर्वांत आखूड सावली मोजायची. ही गावे साधारण एकाच दक्षिणोत्तर पट्ट्यात आहेत. त्यांच्यातले दक्षिणोत्तर अंतर अनुक्रमे सुमारे १,४०० आणि ८३० किलोमीटर आहे. गोल पृथ्वी आणि दूरचा सूर्य धरला तर सावल्या सुमारे ६२, ९९ आणि १२८ सेंटिमीटर यायला हव्यात.

आता सपाट पृथ्वी धरू. जवळचा सूर्य एका ठरावीक उंचीवर असेल तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने सावली अंतराच्या प्रमाणात वाढेल. पहिल्या १,४०० किलोमीटरला ती सुमारे ३६ सेंटिमीटरने वाढली, म्हणजे पुढच्या ८३० किलोमीटरला साडेएकवीस सेंटिमीटरने वाढावी. या हिशेबाने दिल्लीची सावली १२० सेंटिमीटर येईल. १२० की १२८? सावलीची कड थोडी पुसट असली तरी आठ सेंटिमीटरचा फरक शाळेच्या पट्टीने सहज कळतो.

हा प्रयोग करताना एक पथ्य पाळावे. दोन्ही आकडे आधी कागदावर लिहून, सर्वांच्या सह्या घेऊन फळ्याजवळ लावावेत. ‘१२० च्या जवळ आला तर आपण काय मानू, १२८ च्या जवळ आला तर काय मानू’ हे मोजण्यापूर्वी ठरवावे. मग दिल्लीच्या ओळखीच्या शिक्षकाला दूरध्वनी करावा. बेडफर्ड कालव्यावर जे झाले नाही ते हेच. दोन्ही बाजूंनी काय दिसायला हवे, हे तिथे आकड्यांत लिहून घेतले नव्हते. म्हणून कार्पेंटरला नंतर हवा तो अर्थ लावता आला.

या प्रयोगाने कट्टर सपाट पृथ्वीवादी बदलेल अशी आशा धरू नये. वॉलेस यांच्या पंधरा वर्षांनी तो धडा दिला आहे. पण आपल्यासमोर हॅम्पडेन बसलेला नाही. आपल्यासमोर बसली आहेत ती मते अजून पक्की न झालेली मुले. उद्या त्यांना लसीबद्दल, औषधाबद्दल, हवामानाबद्दल कोणीतरी काहीतरी सांगणार आहे आणि प्रत्येक वेळी स्वतः मोजून पाहणे त्यांना शक्य नाही. विश्वास त्यांना कुणावर तरी ठेवावाच लागेल. एकदा तरी स्वतः भाकीत लिहून, मोजून, ते जुळताना पाहिलेल्या मुलाला विश्वास कशावर ठेवायचा हे थोडे अधिक कळते. जो सांगतो की ‘असे आढळले तर मी चुकलो’, त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे. जो काहीही आढळले तरी जिंकतोच, त्याच्यापासून सावध राहिलेले बरे.